दहा श्वासांचा एक मणी

एक साधं खेळण्यासारखं यंत्र आहे. मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, बस्स. आईच्या मांडीवर बाळ शांत झोपलंय, आरोग्यदूत बाई घड्याळ उलटं करते आणि बाळाच्या पोटाकडे बघत राहते. पोट वर आलं, खाली गेलं, एक श्वास. दहा झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून सुरू. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्या बाळासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं.

हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तयार केलं, कारण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येईलच असं नव्हतं, पण दहापर्यंत यायचं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दाईला शिकवून आपल्या यंत्रापर्यंत आणायचं असा विचार न करता यंत्रच तिच्या बोटांपर्यंत नेलं.

आता श्वासच का मोजायचे? न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पाणी-पू साचतो, फुप्फुस कडक होतं, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही. मग शरीर काय करतं, तर छोटे छोटे पण भराभर श्वास घेतं. तान्ह्या बाळाला खोकला येईलच असं नाही, तापही येईलच असं नाही, सांगता तर काहीच येत नाही, पण श्वासाचा वेग लपत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे धोका. एक्स-रे नको, स्टेथोस्कोप नको, फक्त त्या वेळी त्या घरात मोजणारं कुणीतरी पाहिजे. आणि खरी अडचण तीच होती ना, की त्या वेळी त्या घरात कुणीच नसायचं.

गडचिरोलीत गावातल्याच माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि साधं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९० साली त्याचे आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाच्या मुलांपैकी दगावली ०.८ टक्के, आणि जिथे हे काम चालू नव्हतं तिथे न्यूमोनिया झालेल्यांपैकी १३.५ टक्के. औषध जुनंच होतं, ते द्यायला आता शेजारचं माणूस होतं एवढाच फरक.

पण जन्मल्यापासून पहिल्या २८ दिवसांतली बाळं तरीही जात होती, आणि ती सगळ्यात अवघड. बाळंतिणीची खोली अंधारी, बंद, बाहेरच्याला आत घेत नाहीत, डॉक्टर गावात आला तरी दारातच थांबणार. बाळ दूध ओढेना झालं, अंग गार पडलं, रडणं बारीक झालं, तर घरचे म्हणणार नजर लागली, सकाळी बघू. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की तान्ह्या बाळाकडे सकाळपर्यंतचा वेळच नसतो, काही तासांत खेळ संपतो. त्या बंद खोलीत कोण जाऊ शकतं? त्याच गावची बाई, जी एरवीही त्या घरात जाते-येते.

म्हणून १९९३ मध्ये नवजात बाळांचा प्रयोग सुरू झाला, ३९ गावांत काम आणि ४७ गावांत फक्त नोंदी. दुसरी गावं नुसती मोजायची कशाला असं कुणालाही वाटेल, पण समजा तीन वर्षांत पाऊसपाणी चांगलं झालं, रस्ता आला, तर मृत्यू आपोआपही कमी होतील आणि आपण म्हणणार आमच्या कामानं झाले. शेजारच्या तशाच गावांत काय झालं हे माहीत असेल तरच तुलना खरी. आणि बाळ गेलं ही गोष्ट घरं बाहेरच्याला सांगत नाहीत, त्यामुळे जन्म-मृत्यूच्या नोंदीसुद्धा गावातलाच माणूस करणार आणि वर घरोघर फिरून तपासणी होणार, अशी सोय होती. म्हणजे गाव सोबत नसेल तर उपचार सोडाच, आकडासुद्धा खरा मिळत नाही.

१९९५-९६ मध्ये त्या ३९ गावांतली ७६३ नवजात बाळं घरी जाऊन जाऊन तपासली. जवळपास सगळी घरीच जन्मलेली. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, प्रत्यक्षात मिळाली फक्त २.६ टक्के बाळांना. चाळीस बाळं गेली.

पुढच्या वर्षी गावातल्याच आरोग्यदूत बायकांच्या हातात इंजेक्शन दिलं. शाळा थोडीफार शिकलेल्या बायका, त्यांना बाळाचं वजन करायला, बाळ ऊबेत ठेवायला, जन्मताच न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. यावर विचारणारे खूप होते, आणि भीती चुकीची नव्हती, डोस चुकला तर काय? म्हणून लक्षणांची यादी पक्की, वजनाप्रमाणे डोस ठरलेला, वरून सतत देखरेख, आणि आईबापांची लेखी संमती घेतल्याशिवाय सुई नाही. दवाखान्यात न्यायचा सल्ला आधी द्यायचाच, नेत नसतील तर घरी उपचार. आधी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतली १६.६ टक्के जायची, आता २.८ टक्के. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू या गावांत २५ च्या आसपास, शेजारच्या गावांत ६० च्या आसपास. १९९९ ला हे छापून आलं तेव्हा घट ६२ टक्के निघाली.

'सर्च'च्या दवाखान्याचीही तीच गोष्ट. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनाच विचारलं तर कळलं की एवढी मोठी इमारत बघून घाबरायला होतं, पांढरं कापड तर मेलेल्यावर घालतात आणि इथे सगळे पांढऱ्या कपड्यात, आणि पेशंटला आत घेऊन नातेवाइकांना बाहेर काढतात. मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, सोबत घरच्यांना राहायला जागा, नाव दंतेश्वरी देवीचं.

या वाटेवर महाराष्ट्रात आधीही कुणी चाललं होतं. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावच्या बायकांनाच, त्यात अक्षरओळख नसलेल्या, दलित वस्तीतल्या बायकाही होत्या, आरोग्यसेविका केलं. आधी शिकलेल्या नर्स नेमून बघितल्या, पण गावानं त्यांना आपलं मानलं नाही. बोअरवेल दलित वस्तीत घेतली की पाण्यासाठी सगळं गाव तिकडे येणार, हेसुद्धा आरोग्याचंच काम होतं, जुलाबाचे रोग आणि जातीची भिंत दोन्ही एकाच पंपावर.

आणि कधीकधी तर औषधही लागत नाही. झारखंड आणि ओडिशात 'एकजूट' संस्थेनं बायकांच्या गटाच्या मासिक बैठका घेतल्या, चित्रं, गोष्टी, खेळ, आपल्याकडे बाळं का जातात आणि आपण काय करू शकतो एवढीच चर्चा. २०१० मधला निष्कर्ष असा, तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्के कमी. पण बांगलादेशात असाच प्रयोग केला तर काहीच फरक पडला नाही! कारण शोधलं तर तिथे साधारण १४०० लोकांमागे एक गट होता, झारखंड-ओडिशात पाचशेच्या आत. नंतर बांगलादेशात गट दाट केले, आणि तिथेही मृत्यू कमी झाले. वेगवेगळ्या देशांतले प्रयोग एकत्र बघितले तेव्हा दिसलं की निदान ३० टक्के गरोदर बायका बैठकीला येत असतील तर परिणाम ठळक होतो. लोकसहभाग हा शब्द आपण भाषणात वापरून वापरून पार पातळ केलाय, पण त्यालाही गोळीसारखा डोस असतो आणि तो कमी पडला तर गुण येत नाही. जिल्ह्याला एक शिबिर आणि बॅनरवर फोटो, यानं काही होत नसतं.

२०११ मध्ये सरकारनं गडचिरोलीची ही पद्धत देशभरच्या आशाताईंकडे दिली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की एका बाळामागे २५० रुपये ठरले. सहा-सात भेटी, पायी, उन्हात, त्याचे अडीचशे. मला हे पटत नाही, कधीच पटलं नाही. जिच्या येण्यानं मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात तिला आपण स्वयंसेविका म्हणतो आणि पगार देत नाही.

माझ्या वहिनीचं बाळ वेळेआधी झालं होतं, वजन दोन किलो शंभर. सातव्या दिवशी आशाताई आल्या, आधी साबणानं हात धुतले, हात हवेतच वाळू दिले, मग बाळाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावली आणि मग तळव्याला. पोट कोमट, तळवे गार. माझी आई म्हणाली, "अहो, दोन दुपटी गुंडाळलीत की." ताई म्हणाल्या, "काकू, दुपट्याला स्वतःची ऊब नसते, ऊब हिच्यात आहे," आणि बाळाचं झबलं काढून वहिनीच्या छातीशी उघडंच लावलं, वरून शाल. तासाभरानं आईलाच हात लावून बघायला सांगितलं. तळवे कोमट झाले होते. मग झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर वजन, फॉर्मवर नोंद, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर आईच्याच हातानं लिहून घेतली.