चकवा आणि सरळ रेषा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी निसवली, की तिच्यात शिरलेल्या माणसाला वर आभाळाची पट्टी तेवढी दिसते. रात्रपाळीची वीज आली म्हणून अशा रानातून पलीकडच्या विहिरीवरची मोटार चालू करायला निघालेला, बांधन् बांध ओळखीचा असलेला शेतकरी तासभर चालून जिथून निघाला तिथेच येऊन पोचतो आणि दुसऱ्या दिवशी सांगतो, की पुढे पांढऱ्या कपड्यांतले कोणीतरी चालत होते. त्याला चकवा लागला, असे मग लोक म्हणतात. चकवा खविसासारखा झोंबत नाही, हडळीसारखा जीवावर उठत नाही. वाट चुकवणे एवढेच त्याचे काम. आपल्याकडच्या भुतांच्या लांबलचक यादीत इतक्या मोजक्या हेतूचे भूत विरळाच, आणि म्हणूनच त्याची परीक्षा घेता येते.

ती परीक्षा, चकव्याचे नावही न ऐकलेल्या शास्त्रज्ञांनी, घेतलेली आहे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा जणांना सपाट, घनदाट जंगलात सोडून सरळ चालत राहायला सांगितले होते. ऊन असताना चाललेले दोघे जवळजवळ सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले आणि त्यांच्यापैकी तिघांनी आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तरी त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चाललेला एक जण चंद्र दिसत होता तोवर नीट चालला, आणि चंद्र ढगाआड जाताच वळणे घेत आल्या दिशेला परतू लागला. डोळे बांधल्यावर तर माणसे कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तुकड्याच्या आतच.

एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड असल्यामुळे असे होते, हे स्पष्टीकरण पुष्कळांना पटते. पण तसे असते तर प्रत्येक जण नेहमी एकाच बाजूला वळला असता, आणि प्रयोगात एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. खरी गोष्ट अशी, की ‘समोर’ म्हणजे कोणती दिशा याचा अंदाज मेंदू आतल्या कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवरून पावलोपावली बांधतो. प्रत्येक अंदाजात बारीकशी चूक असते, आणि सूर्य, चंद्र, दूरचे झाड किंवा देवळाचे शिखर नजरेस पडले नाही तर त्या चुका दुरुस्त न होता साचत जातात. सोलापूरच्या माळरानावर दिवसा कोसभर अंतरावरचे लिंबाचे झाडही खुणेला पुरते; अमावास्येच्या रात्री उंच ज्वारीत ते असून नसल्यासारखेच.

आता त्या पांढऱ्या आकृतीकडे येऊ. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात, मात्र आपण ज्या वस्तूवर नजर रोखतो तिची प्रतिमा ज्या मध्यबिंदूवर पडते, नेमक्या तिथे त्या नसतात. त्यामुळे अंधारात डोळ्यांच्या कडेला फिकट काहीतरी जाणवते आणि थेट पाहिले की नाहीसे होते. ‘बघायला गेलं की गायब होतो’ हे चकव्याचे लक्षण डोळ्याच्या रचनेचे चोख वर्णन आहे. दंडपेशींना रंग कळत नसल्याने उजळ तेवढे पांढरे दिसते. तिथे वाळलेल्या कडब्याची पेंढी असेल, नाहीतर खांबावर बसलेले, पांढऱ्या छातीचे आणि बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड असेल. हे घुबड उडताना पंखांचा आवाज जवळपास येत नाही, आणि त्याचे ओरडणे किंकाळीसारखे असते. अस्पष्ट आकारात माणूस शोधण्याची मेंदूची सवय इतकी जुनी आहे, की उरलेले हातपाय तो स्वतःच जोडून घेतो.

तरीही सगळ्यांना सारखाच चकवा कसा दिसतो, हा प्रश्न उरतो. काळोखात स्थिर ठेवलेला प्रकाशाचा ठिपका काही वेळाने हलताना भासतो. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ साली हा ठिपका किती हलला, असे लोकांना विचारले. एकेकट्यांची उत्तरे परस्परांपासून दूर होती, पण एकत्र बसवल्यावर ती हळूहळू जवळ आली, आणि नंतर एकटे असतानाही माणसांनी गटाचेच माप धरून ठेवले. गावच्या पारावर चार जणांचे अनुभव सांगून झाल्यावर पाचव्याच्या चकव्याला पांढरे कपडे मिळतात ते बहुधा असेच. सांगणारा खोटे बोलत असतो असे मला वाटत नाही.

चकव्यावर जुन्या माणसांनी सांगितलेल्या उपायांपैकी एक मात्र शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो: वाट सापडेना झाली, की चालणे थांबवायचे आणि उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचे. पावले थांबली की चुका साचत नाहीत, आणि तांबडे फुटताच पूर्व दिशा आपोआप कळते. आता जिल्ह्यात साखर कारखान्यांचे दिवे रात्रभर क्षितिजावर दिसतात, त्यामुळे दिशेची खूण मिळते आणि चकव्याच्या गोष्टी त्यामुळेच कमी झाल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. पौषातल्या एखाद्या पहाटे धुके उतरले, की ते दिवेही दिसत नाहीत.