आर्मी ऑफ गॉड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गर्भपाताची सेवा देणारे डॉक्टर, कर्मचारी व क्लिनिके यांच्यावरील हल्ल्यांच्या संदर्भात 1982 पासून आढळणारे नाव, आणि त्या नावाने ओळखला जाणारा ख्रिस्ती अतिरेक्यांचा प्रवाह. रो विरुद्ध वेड या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (22 जानेवारी 1973) तेथे गर्भपाताचा हक्क घटनात्मक ठरला. त्याला विरोध करणारी चळवळ मुख्यतः मोर्चे, प्रार्थनासभा, निवडणुका आणि न्यायालये यांच्या मार्गाने चालली. तिच्यातील प्रमुख संघटनांनी व कॅथलिक धर्माध्यक्षांनी हत्यांचा निषेधच केला. हिंसेला धर्मकृत्य मानणाऱ्या कडेच्या प्रवाहापुरतीच प्रस्तुत नोंद आहे.

हे नाव प्रथम गाजले ते ऑगस्ट 1982 मध्ये. इलिनॉय राज्यातील हेक्टर झेव्हालोस या डॉक्टरांना व त्यांच्या पत्नीला तिघांनी पळवून नेले आणि सु. आठ दिवस डांबून ठेवले. अध्यक्ष रेगन यांनी गर्भपाताविरुद्ध जाहीर भूमिका घ्यावी, अशी त्यांची मागणी होती. सूत्रधार डॉन बेनी अँडरसन याने आपण ‘आर्मी ऑफ गॉड’चे असल्याचे सांगितले. त्या वेळी अशी संघटना खरोखर होती की तिघांनी घेतलेले ते केवळ नाव होते, याविषयी मतभेद आहेत. संघटना मानणारे अभ्यासक पुढच्या पुराव्यांवर भर देतात : 1984–85 मध्ये वॉशिंग्टन परिसरातील क्लिनिकांवर झालेले बॉम्बहल्ले, त्यांपैकी काहींशी जोडले गेलेले हेच नाव, आणि 1993 मध्ये रेचेल शॅनन या एका डॉक्टरवर गोळ्या झाडणाऱ्या स्त्रीच्या घराच्या आवारात पुरलेली सापडलेली निनावी हस्तपुस्तिका. या पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पहिली बहुधा 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील असावी. नंतरच्या आवृत्तीत मालमत्तेच्या नासधुशीपलीकडे जाऊन मनुष्यवधाचे समर्थन आढळते. दुसऱ्या पक्षाच्या मते यातून सभासदत्व, निधी किंवा हुकूम देणारी यंत्रणा सिद्ध होत नाही. देशव्यापी कटाचा शोध घेण्यासाठी व्हर्जिनियात नेमलेल्या संघीय ग्रँड ज्युरीचे (आरोप ठेवण्याजोगा पुरावा आहे का, हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे) काम 1996 मध्ये असा कट सिद्ध न होताच संपले, हे लक्षात घेता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र त्यामुळे धोका कमी ठरत नाही. कोणालाही उचलता येणारे नाव एकट्यादुकट्या मारेकऱ्याला सैनिकपणाची प्रतिष्ठा देत होते, आणि तपास यंत्रणेच्या हाती एका माणसापलीकडे काही लागत नव्हते.

वैचारिक बाजू मुख्यतः मायकेल ब्रे या ल्यूथरन पाळकाने मांडली. वरील बॉम्बहल्ल्यांच्या कटात तो दोषी ठरला होता. निष्पापाचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरणे न्याय्य, तर गर्भाच्या बाबतीतही ते न्याय्यच, असा त्याचा युक्तिवाद. त्याला आधार म्हणून जुन्या करारातील उत्पत्ती 9:6 हे वचन (माणसाचे रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडूनच सांडले जाईल) आणि हिटलरविरोधी कटात सहभागी झालेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर यांचे उदाहरण पुढे केले जाई. पॉल हिल हा माजी प्रेसबिटेरियन पाळक याच विचाराचा. तो ज्यांचे वाचन करी त्या ख्रिस्ती पुनर्रचनावादी (बायबलमधील नियमशास्त्रावर समाज उभारू पाहणाऱ्या) गटातील गॅरी नॉर्थ यांनी मात्र हिलचा युक्तिवाद साफ नाकारला : शिक्षा करण्याचा अधिकार व्यक्तीचा नव्हे. न्यायालयांनीही ‘न्याय्य मनुष्यवधा’चा बचाव मान्य केला नाही.

फ्लॉरिडातील पेन्साकोला येथे 10 मार्च 1993 रोजी डॉ. डेव्हिड गन यांची, तर 29 जुलै 1994 रोजी डॉ. जॉन ब्रिटन व त्यांचे सोबती (क्लिनिकपर्यंत संरक्षणासाठी सोबत करणारे स्वयंसेवक) जेम्स बॅरेट यांची हत्या झाली. दुसऱ्या हत्याकांडाबद्दल हिलला 2003 मध्ये देहदंड झाला. एरिक रुडॉल्फच्या बॉम्बस्फोटांपैकी (1996–98) काहींनंतर आलेल्या पत्रांवर ‘आर्मी ऑफ गॉड’ हेच नाव होते. डॉ. बार्नेट स्लेपियन यांना 1998 मध्ये न्यूयॉर्क राज्यात राहत्या घरी गोळी घातली गेली. कॅन्ससमधील विचिटा येथील डॉ. जॉर्ज टिलर 1993 मध्ये शॅननच्या गोळीबारातून बचावले होते. 31 मे 2009 रोजी चर्चमध्ये सेवा करीत असताना ते मारले गेले. 1993 ते 2015 या काळात अशा हल्ल्यांत 11 जणांचे प्राण गेले. सगळेच हल्ले या नावाने झालेले नाहीत. मृतांमध्ये डॉक्टर चारच होते. उरलेले सात जण म्हणजे स्वागतकक्षातील कर्मचारी, सोबती, पोलीस आणि कोणाबरोबर तरी क्लिनिकमध्ये आलेली माणसे. गर्भाच्या जीवितासाठी लढल्याचा दावा या सात मृत्यूंपुढे टिकत नाही, आणि समर्थनाच्या लिखाणात त्यांना फारशी जागाही मिळत नाही.

क्लिनिकच्या दारात अडवणूक, धमकी व बळाचा वापर यांना संघीय गुन्हा ठरवणारा कायदा मे 1994 मध्ये झाला. स्लेपियन यांच्या हत्येनंतर न्याय खात्याने विशेष कृतिदलही नेमले. रो निकाल 24 जून 2022 रोजी रद्द झाला, तरी 1994 चा कायदा कायम राहिला. जानेवारी 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याखाली दोषी ठरलेल्या 23 जणांना माफी दिली. त्यांची प्रकरणे अडवणुकीची होती, हत्येची नव्हेत.