तुटक जबानी खोटी नसते

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एखाद्या घरातून रात्री १८१ वर, म्हणजे गुजरातच्या ‘अभयम’ या महिला हेल्पलाइनवर, फोन जातो. अभयमच्या गाडीतून समुपदेशक आणि महिला पोलीस उतरतात. समोरची बाई रडत नाही, फरशीकडे बघत बसली आहे आणि तिचं सांगणं मागेपुढे होतंय. ‘ही काहीतरी लपवतेय’ असं वाटतं ते नेमकं इथे.

जिवावर बेतलं की मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, सगळा ताबा घेतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, विचार करणारा पुढचा भाग मंदावतो, घटनांची संगती लावणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटतं. म्हणून कडी लावल्याचा आवाज लख्ख आठवतो, पण तेव्हा किती वाजले होते ते आठवत नाही. काहींचं अंगच थिजतं: हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. ते त्यांच्या हातात नसतं. ‘ओरडला का नाहीत?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे, आणि तो ऐकलेली बाई पुढचं बहुधा सांगतच नाही.

म्हणून मदतीला जाणाऱ्या पथकाच्या प्रशिक्षणात वाक्यांचा सराव घ्यावा लागतो, नुसतं भाषण पुरत नाही. दार अडवून उभं राहायचं नाही, तिच्या पातळीला बसायचं, आपलं नाव आणि काम सांगायचं. ‘ताई, बीपीचा पट्टा बांधू का?’ असं विचारून उत्तराची वाट बघायची. ‘नको’ म्हणाली तर थांबायचं. ‘आठवतंय तिथून सांगा’, ‘काय ऐकू आलं?’ हे प्रश्न चालतात. ‘त्याच्या हातात चाकू होता ना?’ हा चालत नाही, कारण सुचवलेली गोष्ट आठवणीत मिसळते. मारणारा शेजारच्या खोलीत असेल तर ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणू नये.

भाषाही विचारावी. दिवसभर गुजराती बोलणारी मराठी बाई घाबरली की आईच्या भाषेत येते. अशा वेळी नवऱ्याला, सासूला किंवा पोराला दुभाषा करणं घातक आहे.

गळा दाबला होता का, हे मात्र थेट विचारायचं. कातडीवर खूण नसली तरी आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, लघवी सुटणं यांतलं एक जरी असेल तरी लगेच रुग्णालय. मानेतल्या धमनीला आतून चीर गेली तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो.

लैंगिक अत्याचारात घड्याळ महत्त्वाचं. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात; गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी १२० तासांपर्यंत घेता येते, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. एफआयआर नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार ते सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत मोफत आहेत. कपडे वाळवून कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

वाटेत तिनं पाणी मागितलं तर? तोंडातला नमुना घ्यायचा असेल तर पाण्यानं पुरावा धुतला जाऊ शकतो. तेवढं कारण तिला सांगायचं, बाटली हाताशी ठेवायची. प्यायचं की थांबायचं, ते ती ठरवेल.