चित्र मागाहून येतं

रात्री नऊ वाजता दुधाच्या ॲपचं नोटिफिकेशन येतं, ‘उद्या सकाळी गाईचं दूध, १ लिटर.’ सोबत पिशवीचा फोटो आणि खाली दोन बटणं: ‘असू दे’ आणि ‘उद्या नको’. गावाला जायचं असेल तर दुसऱ्या बटणावर बोट टेकवलं की काम झालं, ॲप उघडावंही लागत नाही. मजकूर, फोटो, बटणं हे सगळं एकाच पाकिटातून आलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आलेली असते फक्त एक चिठ्ठी.

तीही दूधवाल्याच्या सर्व्हरकडून थेट येत नाही. तो ती गूगलकडे किंवा ॲपलकडे सोपवतो. अँड्रॉइड फोनने गूगलशी आणि आयफोनने ॲपलशी एक जोडणी सतत उघडी ठेवलेली असते आणि सगळ्या ॲपच्या चिठ्ठ्या त्याच वाटेने येतात. प्रत्येक ॲपने आपापली वेगळी जोडणी धरून ठेवली असती, तर बॅटरीने दुपारीच मान टाकली असती. ॲपलने ही सोय जून २००९ मध्ये सुरू केली, गूगलने २०१० मध्ये.

सुरुवातीला ॲपलच्या चिठ्ठीला मर्यादा होती २५६ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘नमस्कार’ म्हणजे न, म, स, पाय मोडल्याची खूण, क, काना आणि र अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. त्या हिशेबाने मराठीच्या वाट्याला जास्तीत जास्त ८५ चिन्हं येत, आणि त्यातही चिठ्ठीच्या वेष्टनाचा खर्च वेगळा. आता दोन्हीकडे मर्यादा साधारण ४ किलोबाइट आहे. मजकुराला ती भरपूर झाली, पण त्यात धड फोटो काही मावत नाही.

म्हणून चिठ्ठीत जातो तो फोटोचा पत्ता. फोटो आणायचं काम फोनचं. आयफोनवर २०१६ च्या आयओएस १० पासून ॲपचा एक छोटा मदतनीस यासाठी जागा होतो. त्याला साधारण ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात फोटो आला नाही, तर नुसता मजकूर दाखवून यंत्रणा मोकळी होते. तुम्ही लिफ्टमध्ये असा किंवा कसाऱ्याच्या बोगद्यात, चिठ्ठी कशीबशी पोचेल, पण फोटो पोचेलच असं नाही. तरीही सवलतीचा आकडा, मुदत, कूपनचा कोड हे सगळं फोटोवरच छापून वर ‘आजची खास ऑफर पाहा!’ एवढंच लिहिणारे महाभाग आहेत. फोटो आला नाही की हातात उरते ती फक्त आरोळी. आणि आला तरी अँड्रॉइडवर नोटिफिकेशन खाली ओढेपर्यंत तो नखाएवढाच दिसतो. त्यावरचं बारीक अक्षर कोण वाचणार?

बटणांची गोष्ट याहून मजेदार आहे. आपल्याकडच्या तारसेवेत, जी जुलै २०१३ मध्ये बंद झाली, दिवाळीच्या आणि लग्नाच्या शुभेच्छांचे मजकूर ठरलेले असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. तारेतून जायचा तो क्रमांक, पूर्ण वाक्य पलीकडे लिहिलं जायचं. आयफोनची बटणं तशीच आहेत. ॲप आधीच सांगून ठेवतं की अमुक प्रकारच्या चिठ्ठीखाली अमुक बटणं लावा. चिठ्ठीतून येतं ते फक्त त्या प्रकाराचं नाव. अँड्रॉइडवर ॲप यंत्रणेच्या हाती एक मुखत्यारपत्र देऊन ठेवतं: हे बटण दाबलं गेलं, तर माझ्या नावाने हे काम करा. म्हणून ॲप बंद असलं तरी बटण चालतं. मात्र मुखत्यारपत्र म्हटलं की बटण दाबणारा कोण, हा प्रश्न आलाच. टेबलावर पडलेल्या फोनवरून नातवाने उद्याचं दूध बंद केलं तर चहा कोरा प्यावा लागेल, एवढंच. पण पैसे पाठवायचं बटण कुलूप उघडल्याशिवाय चालता कामा नये. तशी अट बटणाला घालता येते, आयफोनवर आणि अँड्रॉइड १२ पासून तिथेही.

अँड्रॉइडवर अशी जास्तीत जास्त तीन बटणं दिसतात. माझ्या मते दोन पुरेत. शब्द निवडणं मात्र अवघड. ‘ऑर्डर रद्द करायची?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द’ अशी बटणं मी पाहिली आहेत. इथे ‘रद्द’ दाबल्यावर ऑर्डर रद्द होते की रद्द करणं रद्द होतं?

मराठीची आणखी एक अडचण इंग्रजीतून मजकूर उतरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. ‘उद्या तुमच्या भागातले रस्ते पाण्याखाली असल्यामुळे दूध पोचवता येणार नाही’ हे वाक्य पडद्यावर ‘दूध पोचव…’ इथे तुटलं, तर वाचणारा पातेलं घासून ठेवणार. तिथे ‘उद्या दूध नाही. रस्ते पाण्याखाली.’ असंच लिहायला हवं.

२०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ॲपला आपली नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याला एकेक करून बंद करता येतील अशा गटांत, वाटावी लागतात. दुधाची सूचना आणि श्रीखंडाची जाहिरात एकाच चॅनेलमध्ये कोंबली, तर जाहिरातीला वैतागून ते बंद करणाऱ्याची दुधाची सूचनाही जाते.

आणि बटण दाबल्यावर काय? बऱ्याच ॲपमध्ये नोटिफिकेशन मुकाट्याने नाहीसं होतं. निरोप सर्व्हरपर्यंत गेला, की रेंज नसल्याने वाटेतच अडकला, काही कळत नाही. त्याच जागी ‘उद्याचं दूध बंद केलं’ किंवा ‘निरोप गेला नाही, पुन्हा दाबा’ अशी ओळ दाखवता येते. ती नसेल तर माणूस खात्री करायला ॲप उघडतोच, नाहीतर पहाटे दार उघडून पिशवी आली का ते बघतो.