गुंगीतल्या मुलाकडे कोण बघतंय?

मिरजेत एमआरआय सेंटरच्या बाकावर जत-आटपाडीकडून पहाटेच्या एसटीनं आलेली आई बसलेली असते. मांडीवर तीन वर्षांचं पोर, तपासणीत हलू नये म्हणून त्याला चमच्यानं पाजलेलं ट्रायक्लोफॉस या गुंगीच्या औषधाचं सिरप. "भूल नाही हो ताई, नुसती गुंगी," असं तिला सांगितलेलं असतं. या 'नुसती' शब्दानं जगभर मुलांचे जीव गेलेत.

हे सिरप क्लोरल हायड्रेटच्या घरातलं. ते रसायन जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं १८३२ मध्ये तयार केलं आणि लीब्राइशनं १८६९ मध्ये झोपेसाठी वापरात आणलं. पुढे पेथिडिन, फेनर्गन आणि लार्गॅक्टिल ही तीन औषधं एकत्र करून मुलांना टोचायची पद्धत अनेक दशकं चालली. तपासणी संपायची, पण मूल तासन् तास उठायचं नाही.

अमेरिकेत एकाच दंतवैद्याकडे तीन मुलं दगावली, तेव्हा कुठे १९८५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं पहिली नियमावली काढली. २००० साली भूलतज्ज्ञ कोटे आणि सहकाऱ्यांनी मुलांना गुंगी देताना घडलेल्या ९५ दुर्घटना तपासल्या. त्यात ५१ मुलं गेली होती, ९ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. दोष एखाद्याच औषधाचा निघाला नाही. लक्ष ठेवण्यात आणि श्वास अडल्यावर सावरण्यात माणसं कमी पडली होती. हॉस्पिटलबाहेर हे जास्त घडलं.

मुलाची जीभ तोंडाच्या मानानं मोठी, श्वासनलिका अरुंद आणि ऑक्सिजनचा साठा तुटपुंजा. गुंगीत श्वासाची वाट अडली, तर छाती हलताना दिसते, पण हवा आत जात नसते. जपानी अभियंते आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या तंत्रातून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, पण मुलाला ऑक्सिजन चालू असेल तर त्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उशिरा उतरतो. म्हणून नियम माणसावर येऊन थांबतात. खोल गुंगीत एक प्रशिक्षित माणूस फक्त मुलाकडे बघणारा हवा. ठरवलेल्यापेक्षा एक पायरी खोल गेलेलं मूल परत आणण्याची तयारी हवी. त्या अमेरिकी नियमावलीच्या २०१९ च्या सुधारणेनं दातांच्या दवाखान्यातही खोल गुंगीसाठी मूल सावरण्याचं प्रशिक्षण घेतलेली किमान दोन माणसं सक्तीची केली.

मिरजेला या विद्येची वाण नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. भूलतज्ज्ञ गावात आहेत. मात्र ते ऑपरेशन थिएटरात असतात आणि मूल स्कॅनच्या खोलीत. हे अंतर मला सगळ्यात जास्त खुपतं. आईनं तिथेच विचारावं: मशीन चालू असताना माझ्या लेकराकडे कोण बघणार? श्वास थांबला तर मास्कनं हवा कोण देणार?

आणि तपासणी झाल्यावर मूल आपणहून जागं राहीपर्यंत निघायची घाई करू नये. कारण या औषधाचा असर रेंगाळतो. एसटीत खांद्यावर झोपलेल्या पोराची मान छातीवर कलंडली, तर श्वासाची वाट तिथेच बंद होऊ शकते.