मिनार आणि शेजारची मशीद

मशिदीला जोडून किंवा तिच्यापासून काही अंतरावर उभारलेल्या उंच मनोऱ्यास मिनार म्हणतात. मुअज्जिनने अजान देण्याची जागा ही त्याची रूढ ओळख खोटी नसली, तरी अपुरी आहे. इस्लामच्या आरंभीच्या मशिदींना मिनार नव्हते. मदिनेत पैगंबरांचे मुअज्जिन बिलाल हे छपरावरून अजान देत, असे परंपरा सांगते. आठव्या शतकाच्या आरंभी उमय्यद घराण्याचा खलीफा पहिला वलीद याने मदिनेच्या मशिदीला चार कोपऱ्यांत मनोरे बांधले, तर दमास्कसला जुन्या रोमन देवळाच्या आवारातील बुरूजच मशिदीच्या कामी आले.

पुढेही मिनाराची जागा सर्वत्र एकसारखी राहिली नाही. ट्युनिशियातील कैरवान येथे तो किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीसमोरील भिंतीत आहे. इराकमधील सामर्रा येथे नवव्या शतकाच्या मध्यास बांधलेला, सुमारे 52 मीटर उंचीचा मलविया हा सर्पिल मिनार मात्र मशिदीच्या तटाबाहेर स्वतंत्र उभा आहे.

मिनार आणि मशीद एकाच वेळी, एकाच आराखड्याने बांधली गेली, असे गृहीत धरण्यात चूक होते. दिल्लीचा कुतुबमिनार (72.5 मीटर) बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने सुरू केला, तेव्हा तो कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या मूळ आवाराबाहेर होता. इल्तुतमिशने मिनार पूर्ण केला आणि मशीद वाढवली. त्या वाढीव प्रांगणात मिनार सामावला गेला, म्हणजे येथे मशीदच मिनारापर्यंत चालत आली. तळमजल्यावर आलटूनपालटून गोल व कोनदार, दुसऱ्यावर केवळ गोल, तर तिसऱ्यावर केवळ कोनदार असे उभे कंगोरे आणि त्यांना आडवे छेदणारे कोरीव लेखांचे पट्टे पाहिले की, हे काम केवळ आवाज पोहोचवण्यासाठी नव्हते हे कळते. तसेही एवढ्या उंचीवरून मारलेली हाक खाली स्पष्ट ऐकू येणे कठीणच. अलाउद्दीन खलजीने मशीद आणखी वाढवून दुप्पट उंचीचा अलाई मिनार आरंभला. त्याच्या मृत्यूनंतर (1316) तो पहिल्या मजल्यावरच थांबला.

उझबेकिस्तानातील बुखारा येथील कल्याण मिनार 1127 मध्ये बांधला गेला, पण त्याच्या शेजारची आजची मशीद 1514 मध्ये पूर्ण झाली. जवळपास चार शतकांचे हे अंतर एका छोट्या पुलाने सांधले आहे : मशिदीच्या गच्चीवरून त्या पुलावर आणि तेथून मिनाराच्या दारात जाता येते. मूळची मशीद मात्र उरली नाही.

मशीद जाऊन मिनार टिकल्याची उदाहरणे बरीच आहेत. मोरोक्कोतील रबात येथील हसन मिनार 1199 मध्ये अर्धवट राहिला. 1755 च्या भूकंपानंतर त्याच्यासमोर मशिदीच्या खांबांच्या रांगाच उरल्या. स्पेनमधील सेव्हिल येथे मशिदीच्या जागी कॅथेड्रल आले आणि मिनाराचा घंटाघर म्हणून वापर होऊ लागला.

अफगाणिस्तानातील जाम येथील 65 मीटर उंचीचा, घुरीद राजवटीतील मिनार तर नद्यांच्या संगमावर एकटाच उभा असल्याने दीर्घकाळ केवळ विजयस्तंभ मानला गेला. त्याच्या पायथ्यालगत पुराच्या गाळाखाली भाजक्या विटांची फरसबंदी सापडल्यावर तेथे मोठी प्रांगणयुक्त मशीद असावी, या मताला बळ मिळाले.