मूत्रपिंडविकारांचे बदलते जागतिक स्वरूप

मूत्रपिंडाच्या आजारांची कारणे, प्रमाण व भौगोलिक विभागणी यांत सुमारे दोनशे वर्षांत झालेले स्थित्यंतर. त्याचा काही भाग खरा, तर काही व्याख्या आणि मोजणी बदलल्याने भासणारा आहे.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन (चमच्यात लघवी तापवली की ते साकळते) आणि शवविच्छेदनात आढळलेली रोगट मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. पुढे दीर्घकाळ 'ब्राइटचा रोग' या एकाच नावाखाली अनेक भिन्न विकार मोजले गेले. तेव्हाच्या मृत्युनोंदी आजच्या आकड्यांशेजारी ठेवता येत नाहीत त्या यामुळेच. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंच्या संसर्गानंतरचा मूत्रपिंडदाह संपन्न देशांत विसाव्या शतकात ओसरला. मधुमेह व उच्च रक्तदाब पुढे आले.

२००२ च्या अमेरिकी निकषांनुसार गाळण दर (मूत्रपिंडे रक्त गाळतात तो वेग) तीन महिने वा अधिक काळ मिनिटाला ६० मिलि.पेक्षा कमी (१.७३ चौ. मी. शरीरपृष्ठामागे), किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण, म्हणजे दीर्घकालीन विकार. बहुतेक सर्वेक्षणांत मात्र रक्त एकदाच तपासतात. तीन महिन्यांची अट गळते आणि संख्या फुगते. गाळण दर सहसा रक्तातील क्रिॲटिनीन या टाकाऊ द्रव्यावरून काढतात; ते स्नायूंत तयार होत असल्याने स्नायू झिजलेल्या व्यक्तीचा गाळण दर प्रत्यक्षाहून चांगला दिसतो. ही चूक उलट दिशेची. जागतिक रोगभार अभ्यासाने २०१७ साठी सुमारे ६९.७५ कोटी रुग्ण (लोकसंख्येच्या ९.१ टक्के) व १२ लाख मृत्यू असा अंदाज दिला. १९९० पासून मृत्युदर ४१.५ टक्के वाढला. वयोरचनेचा परिणाम वजा केल्यावर मात्र तो जवळपास स्थिर राहतो. म्हणजे वाढीचा मोठा वाटा लोकसंख्येच्या वार्धक्याचा आहे.

मधुमेह वा रक्तदाब यांच्याशी न जुळणारे स्थानिक विकार अधिक वादग्रस्त आहेत. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या गावांतील बाल्कन मूत्रपिंडविकार १९५० च्या दशकात नोंदला गेला. धान्यावरील बुरशीच्या ऑक्राटॉक्सिन या विषावर बराच काळ संशय होता. गव्हात मिसळणाऱ्या ॲरिस्टोलोकिया तणाच्या बिया हे दुसरे मत. १९९३ मध्ये बेल्जियममधून, वजन घटवण्यासाठी याच वंशाच्या वनस्पतीची मिसळ असलेली औषधे घेतलेल्या स्त्रियांत तसाच विकार नोंदला गेल्यावर ते बळावले. रुग्णांच्या मूत्रपिंडांत या वनस्पतीतील आम्लाने डीएनएवर सोडलेल्या खुणाही पुढे सापडल्या. आज हेच मत ग्राह्य वाटते.

एल साल्व्हादोर, निकाराग्वा येथील ऊसतोडणी कामगार आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील शेतकरी यांच्या विकारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका व त्यांभोवतालची ऊती तंतुमय होते. त्यामुळे केवळ लघवीची पट्टी वापरणाऱ्या चाळणी-तपासणीतून तो निसटतो. मध्य अमेरिकेत कडक उन्हातील श्रम व वारंवार होणारे निर्जलीकरण हे कारण अधिक सबळ दिसते. श्रीलंकेत पाण्याची कठिणता, फ्लोराइड, कीटकनाशके व जड धातू चर्चेत आहेत. दोन्हीकडे एकच कारण गृहीत धरणे घाईचे ठरेल.